मांडीच्या मुळाशी

शरीराच्या काही अवयवांना जन्मजात प्रसिद्धी असते. हृदयावर गाणी होतात, डोळ्यांचं तर विचारूच नका. ट्रोकँटरवर मात्र कुणी साधी ओवीही रचल्याचं ऐकिवात नाही. मांडीच्या बाहेरच्या अंगाला, खुब्याशी तळहात दाबून पाय आत-बाहेर फिरवा. हाताखाली जो टणक उंचवटा सरकतो, तो थोरला ट्रोकँटर. धाकटा आतल्या बाजूला दडलेला. मांडी उचलणारा दांडगा स्नायू या धाकट्याला धरून असतो, म्हणजे जिना चढताना राबतो हा आणि लोकांच्या नजरेत भरतो थोरला. एकत्र कुटुंबात चालतं तसंच.

थोरलाही बसून खात नाही म्हणा. एका पायावर उभं राहिलं की कंबर दुसरीकडे कलंडू न देणारे स्नायू त्यालाच जखडलेले असतात. भिंतीला हात न लावता पायजमा चढवता येतो, तो त्यांच्या जिवावर. बक्षीस काय, तर टेबलाच्या कोपऱ्याचा दणका आणि सतरंजीवर कुशीला झोपलं की रात्रभर फरशी. घोड्याला नि गेंड्याला तिसराही ट्रोकँटर असतो, पण ते टेबलाच्या वाटेला जात नाहीत.

कीटकांच्या पायातही ट्रोकँटर असतो, मांडीच्या वरचा एवढासा तुकडा. त्याच्याकडे मी ढुंकूनही पाहिलं नसतं. पण इसस नावाचा एक तुडतुडा आहे, आपल्या भातावरच्या तुडतुड्यांचा युरोपातला नातलग. माल्कम बरोज आणि ग्रेगरी सटन या शास्त्रज्ञांनी 2013 मध्ये दाखवून दिलं, की याच्या पिल्लांच्या मागच्या दोन्ही ट्रोकँटरवर चक्क दाते असतात, दहा-बारा, एकमेकांत अडकणारे! उडी मारताना एक पाय किंचित जरी मागे राहिला तरी पिल्लू हवेत गरगरेल. या दात्यांमुळे दोन्ही पाय सुटतात ते सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी तीसेक भागांच्या फरकाने. गिअर माणसानेच शोधला, ही आपली ऐट त्या पिल्लाला कुणी सांगू नये.

गंमत पुढेच आहे. शेवटची कात टाकताना तुडतुडा हे दातेही टाकून देतो. पिल्लाचा दाता मोडला तर पुढच्या कातीबरोबर नवा येतो. मोठ्याला पुन्हा कात नाही, मग मोडकं चक्र जन्मभर कोण वागवणार, अशी शास्त्रज्ञांची अटकळ. मोठा तुडतुडा दात्यांवाचून खुशाल उडतो.

आपलं सगळं उलटं. जन्मतः थोरला ट्रोकँटर नुसता कूर्चेचा. हाड धरू लागतो तो चौथ्या वर्षाच्या सुमारास. आणि यंत्रसामग्री बसते ती म्हातारपणी, न्हाणीघरात पाय घसरल्यावर. आमच्या शेजारच्या आजींच्या खुब्यात आता सळई आणि स्क्रू आहेत. येणाऱ्या-जाणाऱ्याला चहाच्या आधी एक्स-रे दाखवतात. मुलीकडे दुबईला जाताना विमानतळावर ते यंत्र आपल्याला पाहून वाजेल का, एवढंच त्यांना विचारायचं असतं; आणि वाजणार नाही म्हटलं तर जरा हिरमुसतात.