मायक्रॉनवाले मामा

पिशोरच्या स्टुडिओवाल्या मामांसमोर मिलिमीटरचं नाव काढू नये. मामांच्या लेखी ते ढोबळ माणसांचं माप. ते स्वतः मायक्रॉनमध्ये राहतात.

मोबाइल घरोघरी आले, तसा मामांचा स्टुडिओ रिकामा झाला आणि मामांनी घरातल्या शिवराईचा फोटो काढायचं मनावर घेतलं. एकीकडे ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्र पति’. काढायचा तर असा, की टाकसाळीतल्या ठशाचा चरा न् चरा दिसावा. पण कॅमेरा जितका जवळ न्यावा, तितकी फोकसची जाडी घटते. नाणं सेन्सरवर मूळ आकारात उतरवलं, तर एफ ५.६ ला जेमतेम अर्धा मिलिमीटर. छिद्र फार बारीक केलं, तर सगळंच मऊ पडतं. म्हणून कॅमेरा कणाकणानं सरकवत फोटो काढायचे आणि प्रत्येकातला तेवढा रेखीव भाग कॉम्प्युटरवर जोडायचा. हे फोकस स्टॅकिंग.

सरकवायचं कशानं, या प्रश्नावर मामा अडकले ते अडकलेच.

आधी स्वस्तातली रेल आली. तिच्या दातऱ्यांत प्ले. घुंडी उलटी फिरवली, तरी काही वेळ काहीच हलेना. ‘‘सरकारी आहे ही, अर्ज मुरल्याशिवाय सरकत नाही,’’ असं म्हणून मामांनी ती माळ्यावर टाकली. मग वाळूजच्या भंगारातून लीडस्क्रू आणि स्टेपर मोटर. ‘‘दोनशे पावलांत एक फेरा, फेऱ्याला एक मिलिमीटर. म्हणजे पावलाला किती?’’ हा हिशेब मामांनी अद्रकाचा भाव काढायला आलेल्या व्यापाऱ्यालाही घातला. पाच मायक्रॉन, हे उत्तर मिळेपर्यंत त्याला उठू दिलं नाही.

त्यावरही समाधान नाही. अंबाल्याच्या एका जुन्या मायक्रोस्कोपचा फोकस ब्लॉक मिळवला, बारीक घुंडीवरच्या एका रेघेला दोन मायक्रॉन. त्यावर डार्करूममधल्या एन्लार्जरची लेन्स उलटी बसवली. स्टँड वेल्डिंगवाल्याकडून जड करून घेतला, दोघांनी उचलावा असा.

मग शत्रू उरला तो कंप. दिवसा समोरची पिठाची गिरणी. मामा रात्री जागायला लागले, तर शेतीची थ्री-फेज वीज रात्रीचीच. सगळं गाव मोटारी चालू करायला निघालेलं, ट्रॅक्टर दारावरून. घरात पंखा बंद, बोलायचं नाही, चालायचं नाही. एका रात्री मामींना शिंक आली आणि त्या रात्रीचे सगळे फोटो बाद झाले.

अखेर एकदाचा स्टॅक पार पडला. शेजारी एकच साधा फोटो ठेवून पाहिला, दोन्ही सारखेच. शिवराई पिढ्यान् पिढ्या हाताळून इतकी झिजलेली, की चढ-उतार उरलेच नव्हते. अर्धा मिलिमीटर तिला पुरून उरत होता.

मामा खचले नाहीत. ‘‘यंत्र बरोबर आहे, नाणं कमी पडतंय. क्षत्रप नहपानाचं पाहिजे! नाशिकजवळ जोगलटेंभीला १९०६ साली १३ हजारांवर सापडली होती. बहुतेकांवर सातवाहन गौतमीपुत्रानं वरून आपला ठसा मारलेला. एका राजावर दुसरा राजा! स्टॅकिंग तर सातवाहनांनीच केलंय.’’

‘‘हो,’’ मामी म्हणाल्या, ‘‘पण त्यांनी एका ठोक्यात उरकलं.’’