खापर

प्रस्तुत लेखकाचे केस गळतात ते सोसायटीच्या बोअरच्या पाण्यामुळे. त्याआधी ते हेल्मेटमुळे गळत होते आणि मधल्या काळात बायकोने बदललेल्या शाम्पूमुळे. भिंतीवरच्या फोटोत वडील तुळतुळीत डोक्याने हसत असतात. पण त्यांचा या प्रकरणाशी काही संबंध असेल, असं लेखकाला वाटत नाही.

त्वचारोगतज्ज्ञाला वाटतं. टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी नावाचं संप्रेरक तयार होतं आणि त्याच्याशी जन्मजात वाकडं असलेली केसांची मुळं आक्रसत जातात. केसाची लव होते. कपाळाचे कोपरे आणि टाळू आधी जातात, कानामागची झालर टिकते. हा वारसा आईकडूनही येतो म्हटल्यावर लेखकाने घाईघाईने मामांचं डोकं आठवून पाहिलं. तिथेही सगळा उजेडच होता.

उरलेल्या झालरीचं काय करायचं, यावर मात्र माणसाने फार डोकं चालवलंय. फ्लोरिडातल्या स्मिथ बापलेकांनी 1977 मध्ये त्याचं चक्क अमेरिकन पेटंट मिळवलं, क्रमांक 4022227. बाजूचे आणि मागचे केस वाढवायचे, त्यांचे तीन भाग करायचे आणि एकेक भाग टकलावर अंथरून वर स्प्रे मारायचा. 2004 साली त्यांना गमतीदार संशोधनासाठी देतात ते इग्नोबेल पारितोषिकही मिळालं. लेखक हीच विद्या वर्षानुवर्षं खोबरेल तेलावर साधत आला आहे. रॉयल्टी मागतील म्हणून बोलत नाही इतकंच. स्मिथ मंडळी एसटीत खिडकीशी बसलेली नसावीत. घाटात वारा सुटला की सगळे थर एकजुटीने उठतात आणि डाव्या कानावर झेंड्यासारखे फडकत राहतात. कंडक्टर तिकीट देताना मुद्दाम दुसरीकडे बघतो. ते जास्त लागतं.

निदान पुरुषाच्या टकलावर हसता तरी येतं. लेखकाच्या बहिणीचे केस बाळंतपणानंतर तीनेक महिन्यांनी मुठीमुठीने जायला लागले, तेव्हा घरात कुणी हसलं नाही; प्रत्येकाने एकेक तेल सुचवलं. गरोदरपणात गळायचे थांबलेले केस पुढे एकदम गळतात आणि बहुधा वर्षभरात परत येतात, एवढं सांगायला कुणाला सुचलं नाही. ती उशीवरचे केस गोळा करून, कुणाला दिसू नयेत म्हणून कागदात गुंडाळून टाकायची. थायरॉइड, लोहाची कमतरता, टायफॉइड किंवा डेंग्यूचा ताप, पोट मारून केलेलं डाएट, कशानेही बाईचा भांग रुंदावतो. रक्त तपासलं तर यातलं बरंचसं कळतं. आपण तेलाची बाटली बदलतो.

बाहेरचा गुन्हेगार कधीकधी खराही निघतो. जानेवारी 2025 मध्ये बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, हिंगणा अशा गावांत काही दिवसांतच लोकांचे केस हातात यायला लागले. त्यात बायका होत्या, शाळकरी मुलं होती. आधी संशय पाण्यावर गेला, मग बुरशीवर. पुढे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांना तिथल्या रेशनच्या गव्हात सेलेनियमचं प्रमाण भलतंच जास्त आढळलं.

ही बातमी वाचल्यापासून लेखकाने बोअरच्या पाण्याला क्लीन चिट दिली असून सध्या तो कणकेच्या डब्याकडे रोखून बघतो.

"अहो, त्याच पोळ्या मीही खाते," बायको म्हणाली आणि सुटलेला अंबाडा तिने दोन्ही हातांनी पुन्हा बांधला. एका हातात तो मावत नाही.