व्हेनिसला पाणी फार

आमच्या सास्तूरचं एक जोडपं मित्रमंडळींसोबत व्हेनिसला जाऊन आलं. तिथल्या गोंडोला होडीचा सरकारी दर ऐकूनच भाऊंच्या घशाला कोरड पडली: अर्ध्या तासाला 90 युरो! वर 2024 पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी एका दिवसाच्या पाहुण्याला गावात शिरायचेही किमान 5 युरो. वहिनींनी नावाड्याला थेट मराठीतच विचारलं, "पाणी दारात आहे, पण नळाला रोज येतं का हो?" बिचारा हसला. त्याला काय ठाऊक, 2016 साली आमच्या शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं! व्हेनिसचे फोटो अख्ख्या गावाने पाहिले. तुम्हालाही पाण्याकाठी फोटो काढायचा असेल तर जवळच माकणीचं निम्न तेरणा धरण आहे. फक्त पाऊस झाल्यावर जा.