पाचव्याची झोपण्याची सोय

जुनी शिडाची नौका विकायला काढणाऱ्याच्या जाहिरातीत एक वाक्य हमखास असते: ‘शर्यतीसाठी आणि सुटीच्या सफरीसाठी सारखीच उपयुक्त’. हिंगोली जिल्ह्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर असला, तरी येथील वाचकाला हे वाक्य परके वाटण्याचे कारण नाही, कारण शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, पहिली येणारी आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्याने औत ओढणारी जोडी त्याने बाजारात अनेकदा पाहिलेली असते. आणि रुमालाखाली बोटे दाबून तिचा भाव करणारा दलाल घरी मात्र औताला वेगळी लाल कंधारी जोडी बाळगतो, हेही त्याला ठाऊक असते.

शर्यतीच्या नौकेचा धर्म हलकेपणा हा होय. नियम परवानगी देईल तितके सामान आदल्या संध्याकाळी काठावर उतरवले जाते. सफरीच्या नौकेचा धर्म नेमका उलटा असून गादी, शेगडी, पिण्याच्या पाण्याची टाकी, जादा नांगर आणि त्याची साखळी हे सारे तिच्यात भरावे लागते. या दोन धर्मांचा समन्वय साधल्याचा दावा ज्या नौकांविषयी केला जातो, त्यांपैकी जे-२४ हा प्रकार जगभर प्रसिद्ध आहे. १९७०च्या दशकात अमेरिकेत आरेखित झालेली ही नौका सुमारे ७.३ मीटर लांब आणि सुमारे १.४ टन वजनाची असते. तिच्या कक्षात प्रौढ माणसाला ताठ उभे राहता येत नाही, परंतु ‘चौघांची झोपण्याची सोय’ मात्र असते.

येथे अभ्यासकाने थांबणे आवश्यक आहे. ही नौका शर्यतीत साधारणपणे पाच जण चालवतात. एक जण सुकाणू धरतो, बाकीचे पुढचे-मागचे शीड आणि वाऱ्याच्या दिशेने जाताना फुगणारे मोठे फुगाशीड सांभाळतात, आणि नौका एका बाजूला कलली की सुकाणूवाला सोडून सगळे वरच्या काठावर ओळीने बसून आपल्या देहाच्या भाराने तिला सरळ ठेवतात. या सर्वांचे एकत्रित वजन ४०० किलोपेक्षा अधिक असू नये, असा या प्रकारच्या नौकांच्या शर्यतीचा नियमही आहे. धावताना पाच आणि झोपताना चार, हे गणित इतके साधे असूनही त्याचा खुलासा जाहिरात करीत नाही. पाचवा रात्रभर काठावरच बसून राहतो, असे मानावे, तर नौका नांगरलेली असताना तो एका बाजूला भार देईल आणि आतले चौघे गादीवरून घरंगळतील. तो मधोमध उभा राहतो, असे मानावे, तर छत आडवे येते. तो उरलेल्या जागेत झोपतो, असे मानावे, तर त्या जागेत ओल्या शिडांच्या पिशव्या आधीच झोपलेल्या असतात. संध्याकाळी त्याला लाँचने घरी पाठवतात, असे म्हणावे, तर मग सफर सुटीची कोणाची? भार म्हणून मोजायचा आणि अंथरूण म्हणून वगळायचा, असा हा माणूस आहे. आणि मराठवाड्यात त्याला शोधायला दुर्बीण लागत नाही.

जुन्या नौकेची परीक्षा खरेदीदार तिच्या पृष्ठभागावर टकटक करून घेतो. जे-२४च्या काचतंतूच्या दोन थरांमध्ये बाल्सा या हलक्या लाकडाचा गाभा असतो. बसवलेल्या स्क्रूंच्या भोकांतून तेथे पाणी शिरले की लाकूड कुजते, आवाज बद्द येतो आणि विक्रेता ‘फक्त रंग मारायचा बाकी आहे’ असे सांगतो. मुंबई बंदरात पावसाळ्याआधी किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या नौकांभोवती हीच संहिता चालते. २२ सप्टेंबर २०२५ पासून क्रीडा व विहाराच्या नव्या नौकांवर ४० टक्के वस्तू व सेवा कर लागू झाल्याने विक्रेत्याला आणखी एक ओळ मिळाली आहे: ‘नवी घ्याल तर कर पाहा.’

हिंगोलीकराला सांगितले जाते की अशी नौका इसापूर किंवा सिद्धेश्वर धरणाच्या पाण्यावरही चालेल. चालेल, यात शंका नाही. मात्र नौकेच्या पोटाखाली कील, म्हणजे तिला उलटू न देणारे जड पाते असते, आणि जे-२४ला तरंगण्यासाठी सुमारे १.२ मीटर पाणी लागते. ते पाणी हवे तेथे, हवे तेव्हा राहिले पाहिजे, ही मागणी मालक पहिल्याच उन्हाळ्यात करील. धरण दिसले की आराखड्यात शीड रंगवणाऱ्यांना या मागणीचा अर्थ कळत नाही, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. सिद्धेश्वरचे पाणी कालव्यात ठरावीक पाळीने सोडले जाते, त्यास आवर्तन म्हणतात. ते वसमतकडच्या आठ-नऊ महिन्यांच्या हळदीला हवे असते, आणि ‘टेल’वरच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकावरच्या शेतकऱ्यापर्यंत पोचेपर्यंत ते अनेकदा संपलेले असते. त्याची जमीन लाभक्षेत्रात धरली जाते, लाभधारकांच्या संख्येत तो मोजला जातो, प्रकल्प किती उपयुक्त आहे हे सांगताना त्याचे एकर भाषणात उच्चारले जातात. पाणी तेवढे वरच्यावर मुरते, फुटलेल्या चारीतून वाहून जाते, मोटारीने उपसले जाते. ज्यांना पन्नास वर्षांत एक चारी धड दुरुस्त करता आली नाही, त्यांनी जलविहाराची चित्रे दाखवावीत, हा निर्लज्जपणा आहे, आणि त्याला दुसरे सौम्य नाव शोधण्याची गरज नाही.

खरेदीदारांना एवढीच विनंती आहे की विक्रेत्याने टाळीसाठी हात पुढे केला, तरी पाचव्याची जागा त्याच्याकडून नौकेत शिरून दाखवून घ्यावी आणि तोपर्यंत विसाराचा एक रुपयाही देऊ नये.