सहाचं नाटक सहाला

उंब्रजच्या माणसाला नाटक बघायचं झालं तर महामार्गाला लागावं लागतं. उत्तरेला सातारा, दक्षिणेला तासवड्याचा टोलनाका ओलांडून कराड. गावाकडेही करमणूक होते, नाही असं नाही. पौषात जवळच पालला तारळीच्या काठी खंडोबा-म्हाळसेचं लग्न लागतं, भंडाऱ्याने आभाळ पिवळं होतं. पुढे चैत्र उजाडला की गावोगावच्या जत्रा, त्यांत तमाशा, ऑर्केस्ट्रा आणि जो परवडेल तो डीजे.

यांतल्या कुठल्याही कार्यक्रमाला स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेलं, मूल घेऊन जाऊन बघा. जागा मिळेल न मिळेल, सल्ला हमखास मिळतो. "आवं, असल्या पोराला कशाला आणायचं हितं? घरी ठेवायचं की."

सल्ला देणारा हा गृहस्थ मी नीट पाहून ठेवला आहे. तो नाटक सुरू झाल्यावर येतो. मोबाइलच्या बॅटरीचा झोत लोकांच्या डोळ्यांवर मारत आपली खुर्ची शोधतो. बसला की वेफर्सचं पाकीट फोडतो आणि ते अर्धं होईपर्यंत फोन येतोच. "हां, बोल. नाटकात हाय. न्हाय न्हाय, बोल की!" नटाच्या तोंडचं पुढचं वाक्य नटाच्या आधी बायकोला सांगणं हेही त्याचंच काम. अशा रसिकाला कुणी बाहेर काढल्याचं ऐकिवात नाही. फार तर एखादा नट चिडून प्रयोग थांबवतो, दुसऱ्या दिवशी त्याची बातमी होते आणि आपला रसिक ती पुढच्या नाटकाच्या मध्यंतरात शेजाऱ्याला वाचून दाखवतो.

पण दहा वर्षांचं पोरगं खुर्चीत पुढे-मागे डुलायला लागलं, हात फडफडवायला लागलं, की पुढच्या चार रांगांच्या माना वळतात. डुलण्याचा आवाज होत नाही. हात फडफडवण्याचाही होत नाही. तरी लोकांना त्रास होतो. म्हणजे दुखणं आवाजाचं नाही. चारचौघांसारखं न बसणारा माणूस शेजारी नको, हे खरं दुखणं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ मध्ये जगात साधारण १२७ माणसांमागे एक जण स्वमग्न होता. पाचशे खुर्च्यांचं नाट्यगृह भरलं तर हिशेबाने त्यात चौघे तरी असायला हवेत. दिसतात का? नाही दिसत. त्यांच्या आईबापांनी तो फुकटचा सल्ला मानलेला असतो.

आता या मुलांचं मागणं काय असतं ते ऐका. सगळी एका साच्यातली नसतात. एकाला ढोल सोसत नाही, तर दुसरा ढोलाला कान लावून बसतो. पण बहुतेकांच्या बाबतीत चार-पाच गोष्टी लागू पडतात. आवाज एकदम अंगावर येऊ नये. डोळ्यांवर दिव्यांचा मारा नको. पुढे काय होणार ते आधी कळावं. सांगितलेली गोष्ट सांगितलेल्या वेळेला व्हावी. आणि अगदीच असह्य झालं तर उठून बाहेर जाता यावं.

यांतली कुठली मागणी तुमची-माझी नाही? आपण ती करत नाही, कारण आपल्याला सोसायची सवय झाली आहे आणि त्या सवयीला आपण शिस्त म्हणतो.

उंब्रजच्या एका आईने मुलाला बालनाट्याला न्यायचं ठरवलं. त्यासाठी वहीत ओळीने चित्रं काढली: गाडी, तिकीट, खुर्ची, तीन घंटा, अंधार, पडदा, मध्यंतर, बटाटेवडा, घर. पोराला सगळा क्रम तोंडपाठ झाला. नाट्यगृहात शिरताना तिने त्याच्या कानांवर मोठे हेडफोन चढवले. मागून आवाज आलाच, "गाणीच ऐकायची तर नाटकाला कशाला आणलंय?" त्या हेडफोनमध्ये गाणंबिणं काही नव्हतं, ते नुसता बाहेरचा गोंगाट अडवत होते.

पहिली घंटा झाली, पोराने वहीत पेन्सिलीने खूण केली. दुसरी झाली, दुसरी खूण. तिसरी मात्र होईना. प्रमुख पाहुणे वाटेत होते. ते आले. दीपप्रज्वलन झालं, तेही तिसऱ्या काडीला. शाल आली, नारळ आला, सत्काराला उत्तर आलं. उत्तरात पाहुण्यांनी बालरंगभूमीच्या भवितव्याची चिंता वाहिली. तोवर बालरंगभूमीचा प्रेक्षक वहीतल्या तिसऱ्या घंटेवर बोट आपटत "तिसरी, तिसरी" म्हणत उभा राहिलेला. मग तो ओरडायला लागला. लोक आईला म्हणाले, "आवरा की जरा पोराला." पाहुण्यांना आवरा, असं एकही माईचा लाल म्हणाला नाही. खरं तर अख्ख्या सभागृहाच्या मनात तेच चाललं होतं. बोललं ते एकटं पोरगं.

आणि हे मुकाट बसणं म्हणजे आपली थोर परंपरा, असंही नाही. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' रंगमंचावर आणलं, तेव्हा कथा रामायणातली, म्हणजे पोराटोरांना ठाऊक असलेली. सूत्रधार आधी गाऊन सांगणार, मग प्रसंग घडणार. त्या काळच्या नाटकांत राक्षस 'अलल डुर्र' करत, राळेचा भडका उडवत यायचा. हा प्रकार स्वमग्न मुलाच्या कानाडोळ्यांना झेपला नसता, हे कबूल. पण राक्षस येणार हे त्याला आधी कळलं असतं. तमाशाचंही तसंच. गण, मग गवळण, मग बतावणी, मग वग. क्रम ठरलेला. समोर बसलेला माणूस मधेच उठायचा, चहा पिऊन यायचा, रडतं पोर कडेवर घेऊन कनातीशी उभा राहायचा, पेंगायचा, पुन्हा जागा होऊन फर्माईश करायचा. त्याला 'शूऽऽ' करायची कुणाची छाती नव्हती.

मग त्याच कनातीत स्पीकरची भिंत उभी राहिली. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा लिहिली आहे. हे आकडे जत्रेत कुणी माइकवरून वाचून दाखवले, तरी डीजेपुढे ऐकू जायचे नाहीत.

तिकडे न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर २०११ मध्ये 'द लायन किंग'चा खास प्रयोग झाला. आवाज आणि दिवे सौम्य केलेले, मुलांना उठायबसायची मोकळीक, बाहेर शांत जागा. म्हणून तिकडचे सगळे प्रेक्षक संत आहेत असं समजू नका. त्याच ब्रॉडवेवर सप्टेंबर २०१५ मध्ये 'द किंग अँड आय' चालू असताना, चाबकाच्या फटक्यांच्या प्रसंगात एक स्वमग्न मूल ओरडलं, आणि काही प्रेक्षक त्याच्या आईवर घसरले. त्या नाटकातल्या केल्विन मून लोह या नटाने फेसबुकवर लिहून आईची बाजू घेतली. माणसाला चाबकाने मारताना बघून जे गप्प राहिले ते दर्दी आणि जे ओरडलं त्याला आवरा, हा न्याय सातासमुद्रापार तोच आहे.

पैसे मोजून आलेल्या प्रेक्षकाचं काय, असं कुणी विचारेल. रास्त प्रश्न आहे. हळव्या जागी किंकाळी आली तर रसभंग होतो, नटही अडखळतो. पण दाराजवळच्या दोन खुर्च्या दिल्या तर आई तुमच्याआधी उठते. चारचौघांच्या नजरा ओळखण्यात तिची पीएच.डी. झालेली असते.

कायदा तर केव्हाच झाला आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे, आणि कला दिव्यांगांपर्यंत पोचवावी हे कलम २९ मध्ये सरकारला सांगितलं आहे. त्यातून आपल्याला समजला तो रॅम्प. तो बांधला की काम झालं आणि त्यावर दुचाक्या लावायची सोय झाली. स्वमग्न मुलाला रॅम्पचा काय उपयोग, हे विचारायचं राहून गेलं.

करायचं फार नाही. वर्षातून दोन-चार प्रयोग असे ठेवा, की दिवे पुरते मालवायचे नाहीत, स्पीकरचं बटण खाली ठेवायचं, दार उघडं ठेवायचं. नाटकात काय-काय होणार ते चित्रांसकट पालकांना आधी व्हॉट्सॲपवर धाडायचं. शांत खोली म्हणून व्हीआयपी कक्ष द्यायचा, एरवी तिथे बसतं कोण? मात्र खास प्रयोग ठेवला म्हणजे बाकीचे दिवस आपल्या बापाचे, असा अर्थ काढायचा नाही. ते पोर इतर दिवशी आलं तरी आपली मान पुढेच ठेवायची.

खर्च जवळजवळ शून्य. अडचण वेगळीच आहे. या प्रयोगाला दीपप्रज्वलन नको, प्रास्ताविक नको, पाहुणे नकोत, सत्कार नको. सहाचं नाटक सहाला. आपल्याकडे हेडफोन वाटणारे मिळतील, वाटताना फोटो काढून घेणारे त्याहून जास्त मिळतील. पण हातात आलेला माइक एक शब्दही न बोलता खाली ठेवणारा पाहुणा सातारा-सांगलीत कुठे असेल तर जरूर कळवा. त्याचा जाहीर सत्कार करू.

नाटक संपल्यावर.