आत आडवं, बाहेर उभं

नाना घरात शिरले की "बसा" म्हणायची सोय नसते. चपला काढून ते सरळ खिडकीपाशी जातात, मान तिरकी करून काचेकडे कडेनं बघतात आणि म्हणतात, "आत आडवं, बाहेर उभं. सांगितलं होतं ना?" तुमच्या सोसायटीत त्यांना अप्पा म्हणत असतील. खांद्यावरचं मायक्रोफायबरचं फडकं मात्र तेच.

मंत्राचा अर्थ असा: काच आतून पुसताना हात आडवा फिरवायचा, बाहेरून पुसताना उभा. मग एखादा फराटा राहिलाच, तर तो कुठल्या बाजूचा हे लगेच कळतं आणि माणूस उगाच उलट्या बाजूनं घासत बसत नाही. युक्ती अस्सल आहे, हेच दुर्दैव. खोटी असती तर नानांना केव्हाच टाळता आलं असतं.

बँकेत काउंटरच्या काचेवर बोट ठेवून त्यांनी कारकुनाला विचारलं, "हा फराटा तुमच्या बाजूचा की आमच्या?" मागची रांग दाराबाहेर गेली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचे यजमान गेले, तेव्हा नाना हात जोडून बराच वेळ गप्प बसले होते. मग त्यांची नजर हळूहळू खिडकीकडे सरकली. "वहिनी," ते अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "आडवे आहेत. म्हणजे आतलेच." काकूंच्या जावयानं उठून पडदा ओढला.

उन्हात काच पुसणाऱ्याला नाना माणसांत धरत नाहीत. पाणी पुसायच्या आतच वाळतं आणि फराटे उठतात, म्हणून सकाळी लवकर, नाहीतर सावली आल्यावर. आधी जुन्या टूथब्रशनं स्लायडिंगचा ट्रॅक, मग काचेवरची कोरडी धूळ, आणि पाणी त्यानंतर. नाहीतर चिखलच सारवायचा. बादलीत भांड्यांच्या साबणाचे दोनचार थेंब पुरे. आमच्याकडं बोअरचं जड पाणी, त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचे पांढरे ठिपके काचेवर बसतात. त्यांवर निम्मं पाणी, निम्मं व्हिनेगर. पण खिडकीची पट्टी मार्बलची असेल तर तिथं थेंब पडता कामा नये, आम्ल मार्बल खातं. आणि व्हिनेगरमध्ये ब्लीच? "क्लोरीन सुटेल! नाक-डोळे जातील!" हे ते इतक्या जोरात सांगतात की ब्लीच परवडलं. वायपर हातात आला की एत्तोरे स्टेकोने निघतो. इटलीहून अमेरिकेत गेलेला हा खिडक्या पुसणारा गृहस्थ. त्यानं हलक्या पितळी वायपरचं १९३०च्या दशकात पेटंट घेतलं. नाना त्याला "आमचा स्टेकोने" म्हणतात, जणू सख्खा आतेभाऊ.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी पाचव्या मजल्यावरच्या छज्ज्यावर कामवाली बाई उभी होती. एका हातानं चौकट धरलेली, दुसऱ्या हातात वर्तमानपत्राचा बोळा. खालून वॉचमन बघत होता, डिलिव्हरीची पोरं बघत होती, आम्हीही बघत होतो. नवल कुणालाच वाटलं नाही. पाय दुसऱ्याचे असले की छज्जा रुंदच दिसतो. नानांनी हाकही मारली नाही. दचकेल म्हणून. लिफ्ट वर अडकली होती, तर सत्तरी उलटलेला हा माणूस जिन्यानं पाच मजले चढला.

"ताई, घाई नको. चौकट सोडू नका. आधी पाय आत घ्या."

मग धाप टाकतच त्यांनी लांब दांड्याचा वायपर मागवला, पल्ला सरकवला आणि आत उभं राहून पोचेल तेवढी बाहेरची काच ओढून काढली. वरचा एक कोपरा राहिला.

"आणि तो कोपरा?" मालकीणबाईंनी विचारलं.

"राहू दे घाण," नाना म्हणाले.

नानांच्या तोंडून हे वाक्य! तेव्हापासून मला ते आवडू लागले. फार नाही, पण सांत्वनाला बरोबर न्यायची माझी तयारी आहे.

कमिटीच्या मागं लागून त्यांनी नोटीस काढायला लावली: खिडकीबाहेर किंवा छज्ज्यावर कोणालाही उभं करू नये. सेक्रेटरी ती लॉबीच्या काचेवर चिकटवायला निघाले, तेव्हा नानांनी त्यांच्या हातातली चिकटपट्टी काढून घेतली आणि कागद भिंतीवर लावला. संध्याकाळी पाचव्या मजल्यावरून सेक्रेटरींना फोन आला. हा नियम कामवाल्यांनाही आहे का, एवढंच त्यांना विचारायचं होतं.