खिडक्यांचा बंदोबस्त

१९८५ साली मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज’ची पहिली आवृत्ती बाजारात आणली, तेव्हा तीतील कार्यक्रमांच्या खिडक्या एकमेकींवर चढू शकत नसत, शेजारी शेजारी मुकाट बसत; १९८७च्या दुसऱ्या आवृत्तीने ही अटक उठविली आणि ते मोठे स्वातंत्र्य मानले गेले. त्या स्वातंत्र्याला उबगलेला आजचा सुशिक्षित गृहस्थ खिडक्यांना पुन्हा शेजारी शेजारी बसविण्यासाठी मॅकवरील ‘मॅग्नेट’ या साधनाला रोख रक्कम मोजावी, की ‘रेक्टँगल’ हे दुसरे साधन फुकट पदरात पाडून घ्यावे, याचा असा सांगोपांग ऊहापोह करतो, की जणू दौलतीच्या वाटणीचा तंटाच निकालात काढावयाचा आहे. (२००९च्या विंडोज ७पासून खिडकी पडद्याच्या कडेला ओढली की ती अर्धा पडदा आपसूक व्यापते, आणि २०२४ साली मॅकनेही ही सोय अंगभूत केली, हे त्याच्या कानी घालणे मात्र औद्धत्याचे ठरते.) पडदा टिपण्याचीही तीच तऱ्हा: बाण काढणारे, मजकूर झाकणारे, लांबलचक पान सलग उतरवून घेणारे साधन तो चोखंदळपणे निवडतो आणि टिपलेली चित्रे पुन्हा उघडून पाहण्याची तसदी सहसा घेत नाही. मॅकवर शिफ्ट, कमांड आणि ४, विंडोज १०वर वा ११वर विंडोज, शिफ्ट आणि एस, या कळा एकत्र दाबल्या की पडद्याचा हवा तेवढा भाग टिपता येतो; त्यास छदामही पडत नाही.